चौदा ओळींची शिसारी

३ मार्च १७१२

नाही म्हणजे नाही! तीन वर्षं हेच चाललंय. थोरल्या भावानं गावाहून मागावं आणि मी थैलीची गाठ सोडावी. आज याकुम फेरीवाला छापखान्याच्या दारात उभा राहून सगळ्यांदेखत निरोप देऊन गेला — "बियाजोदादानं सांगितलंय, ओर्सोलासाठी पाठवतोस तसंच पाठवत राहा. फक्त आता लग्नासाठी नको." मग कशासाठी रे? "मठासाठी. स्वस्त पडतं म्हणाला."

स्वस्त पडतं! बहीण आहे का खारवलेला मासा?

आजवरचे पैसे कुठं गेले विचारलं तर याकुम टोपी चाचपायला लागला. शेवटी बोलला. थोरल्यानं ओढ्यापलीकडचं कुरण घेतलं. म्हणजे ओर्सोलाच्या हुंड्याचं गवत झालं आणि ते आता थोरल्याच्या गाई खातायत.

लेनार्त विणकर तिच्यासाठी अजून थांबलाय म्हणे. तो थांबेल. त्याच्या बापाला हुंड्याचे चाळीस दुकात हवेत, तो काय जन्मभर थांबणार आहे?

हे सगळं वाया गेलेल्या तावांच्या पाठीवर लिहितोय. पुढच्या बाजूला कुणा संताचं चरित्र आहे, वाकडं छापलेलं. परवा व्हेनिसवाल्यांचं नवं वर्ष सुरू झालं. मार्चमध्ये! सगळ्या जगाचं जानेवारीत होतं, यांचं मार्चमध्ये. यांचं सगळंच वेगळं.

७ मार्च

आज बोळ्यांची कातडी बदलली. शाई लावायचे दोन बोळे, लाकडी मूठ, आत लोकर, वरून कातडं. कातडं कडक होऊ नये म्हणून रात्रभर मुतात भिजवायचं. कुणाच्या? आमच्याच. सकाळी पिळायचं आणि त्याच बोळ्यानं 'हे स्वर्गीय कुमारिके'वर शाई थापायची! कितीही धुतलं तरी हातांचा वास जात नाही. पाव खाताना श्वास धरून ठेवतो.

२१ मार्च

या शहराला लाज नाही. मोठ्या घरात चार मुली असल्या की एकीचं लग्न, तिघी मठात. घराण्याचा पैसा फुटायला नको. बरं, एक वेळ तेही समजलो. थोरल्यासारखी माणसं रेशमातही असतात. पण मग वर पुस्तक काढायचं! पोरीचे केस कापून तिला मठाच्या जाळीआड घालतात त्या दिवशी पाहुण्यांना वाटायला कवितांचं पुस्तक. जाडा कागद, सोनेरी कड, तीस-तीस कवी, प्रत्येकाच्या चौदा ओळी. आणि तिसांचंही म्हणणं एकच — ती आनंदानं चालली आहे! जग तिला नकोसं झालं आहे! सोळा वर्षांची पोर. जग पाहिलं कधी तिनं? खिडकीतून.

आणि खाली सह्या — सगळे मेंढपाळ! यांचं एक मंडळ आहे. त्यात शिरताना प्रत्येकानं मेंढपाळाचं नाव घ्यायचं. मग वकिलाचा 'तिर्सेनो' होतो, दात काढणाऱ्याचा 'फिलार्को'. रेशमी मोजे घालून गोंडोलातून येतात आणि कवितेत बासरी वाजवतात. मी नऊ वर्षं मेंढरं वळली. खुरात किडे पडले की चाकूनं कोरून काढायचे, हे यांच्यातल्या एकाला तरी ठाऊक असेल तर मी बोळे चाटून दाखवीन.

आमच्या छापखान्याचा घरचा मेंढपाळ म्हणजे आबाते स्कार्पा. काळा अंगरखा घालतो म्हणून आबाते, म्हणजे पाद्रीबाबा, म्हणायचं, प्रार्थना म्हणताना कुणी पाहिलेला नाही. कोपर फाटलेलं. येतो, मालकाच्या टेबलावरचं चीज खातो, चौदा ओळी टाकतो, जातो.

२२ मार्च

भरतीचं पाणी विहिरीत शिरलं. प्यायच्या पाण्याला खारट चिखलाचा वास. थू!

८ एप्रिल

आज आल्विझेकाकानं मला त्याची फळी दाखवली. काका आमचा जुळारी. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता म्हातारा झाला. मला अक्षर त्यानंच शिकवलं — तेही जुळवलेल्या खिळ्यांच्या फर्म्यावर, उलटं. अजून मला उलटं आधी वाचता येतं, सुलटं मागून.

फळीवर सुतळीनं बांधलेले फर्मे ओळीनं ठेवलेले. सगळ्या चौदा ओळी.

"हे मोडायचे नाहीत?" मी विचारलं.

"मोडायचे कशाला? पुढची पोरगी आली की नाव तेवढं बदलायचं. तेरेझाच्या जागी मारिया. मारियाच्या जागी कियारा."

"आणि आबाते?"

"त्याला अर्धे पैसे. डोकं चालवायला नको, तोही खूश."

"आणि पोरगी? तिला कळत नाही, हे गेल्या वर्षी दुसरीसाठी होतं ते?"

काकानं चष्म्यावरून पाहिलं. "पोरगी वाचत नसते रे, गाढवा. पोरगी रडत असते."

१० मे

जत्रेचे दिवस. ऑपेराची पुस्तकं छापतोय. लोक ती विकत घेतात, बरोबर एक मेणबत्ती मिळते आणि अंधारात बसून ती पेटवून वाचतात. सकाळी उरलेली परत येतात, मेणानं चिकटलेली, संत्र्याच्या रसानं बरबटलेली. खरडून पुन्हा विकायची. खरडायला कोण? मीच.

त्याआधी दोन पंडितांचं भांडण छापलं. एका फुटक्या रोमन दगडावर कुणाचं नाव आहे यावर दोघांनी एकमेकांच्या आया काढल्यात, लॅटिनमध्ये. त्याआधी एक फ्रेंच कादंबरी, तीवर छापलं 'कोलोन येथे मुद्रित'. कोलोन कुठं आहे ते मालकाला विचारलं. "इथून पहिला जिना, उजवीकडे," म्हणाला. तिथं आमचं गोदाम आहे. या वर्षी युरोपात जे काही छापलं जातंय ते सगळं आमच्याकडून जातं असा मालकाचा दावा आहे. तसं असेल तर युरोपाला जुलाब लागलेत.

२ जुलै

थोरला आला! ओर्सोलाला घेऊन. लाकडाच्या तराफ्यावरून नदीनं खाली आले. तिचे पाय सुजलेत.

थोरल्याचं पहिलं वाक्य — "बारीक झालास." दुसरं — "पैसे?"

मी त्याला धक्क्यावरच धरला. लाज नाही वाटत? तो शांत. त्याच्या शांतपणाचीच मला शिसारी येते. "हे बघ दोरिगो, सगळं ठरलंय. मोठं घराणं आहे. त्यांची लुक्रेझिया मठात चाललीय, तिच्या दिमतीला अंगानं दणकट पोरगी हवी. मठाचे चाळीस. त्यातले निम्मे ते घराणं देणार, म्हणजे आपल्याला वीसच पडतात. लग्नाला चाळीसच्या चाळीस. तूच सांग."

मी काय सांगू? म्हणालो, गाय विकतानाही माणूस गाईकडे एकदा बघतो.

ओर्सोला बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. एकदाच बोलली — "दादा, इथलं पाणी असंच असतं?"

३ जुलै

थोरला गेला. मी एक पैसा दिला नाही. ती मात्र आत गेली, आपले वीस नंतर द्यायच्या बोलीवर. महिना-दोन महिने नाही, चांगली फेब्रुवारीपर्यंत राहून बघायचं, मग लुक्रेझियाबरोबरच हिचेही केस कापणार. लुक्रेझियाच्या नावानं पुस्तक निघेल. हिच्या नावानं काय, बादली?

१७ ऑगस्ट

मठात भेटीला गेलो. जाळी दुहेरी. बोटसुद्धा आत जात नाही. मेणाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. बाजूला कुणा रेशमी आत्याबाई पोपट घेऊन आल्या होत्या.

ओर्सोलाचा चेहरा तुकड्यातुकड्यांत दिसत होता. म्हणाली, "इथंही ओझंच रे. तिथं टोपलीत गवत, इथं बादलीत पाणी. तीन मजले. लुक्रेझियाताईंना केस धुवायला गरम लागतं." मग जाळीला तोंड लावून, हळू — "मला ने इथून, दादा. लेनार्तला सांग, थांब म्हणावं."

मी म्हणालो, फेब्रुवारीत कार्निव्हल संपायच्या आत नेतो. आईच्या थडग्याची शपथ घेतली. बाहेर आलो आणि मगच आठवलं की माझ्या पैशांच्या डबीत चाळीसचे निम्मेसुद्धा नाहीत.

१८ ऑगस्ट

बोळे थापून चाळीस दुकात कार्निव्हलपर्यंत? माझं डोकं फिरलं होतं.

९ ऑक्टोबर

आज जे झालं त्याला हसावं का रडावं! कियारा नावाच्या मुलीचं पुस्तक काल वाटलं. आज त्यांचा कारभारी आला, पुस्तक मालकाच्या छातीवर आपटलं. बाराव्या ओळीत — 'तेरेझा'! काकानं वरचं नाव बदललं, खालचं राहिलं. आणि ती तेरेझा कोण? गेल्या वर्षी मठात गेली आणि उन्हाळ्यात तापानं मेली. आबातेनं तीच कविता दुसऱ्यांदा विकलेली. म्हणजे भर समारंभात कियाराला आशीर्वाद काय मिळाला — तेरेझासारखं तुझंही होवो! आजीला भोवळ आली म्हणे.

चूक काकाची, शिव्या आबातेला. मालक सियोर बोर्तोलोनं त्याला कॉलर धरून पुलापर्यंत नेलं. चीजचा तुकडा त्याच्या हातातच होता. टाकला नाही त्यानं. खात खात गेला.

१२ ऑक्टोबर

मालक आज फाटक्या आवाजात — "आठ दिवसांत पुस्तक द्यायचंय आणि तीन पानं कोरी! कोऱ्या पानांवर काय, तुमची थोबाडं छापू?"

मी बोळा खाली न ठेवताच म्हणालो, "मी देतो."

सगळे हसले. मालक तर खोकायलाच लागला. "तू? डोंगऱ्या, मुतात हात घालणारा तू?"

"हात धुऊन लिहीन."

आणि तिथंच उभ्याउभ्या चौदा ओळी म्हणून दाखवल्या. त्यात काय आहे? तीन वर्षं हेच थापतोय मी. गुलाब, लिली, पांढरं कबूतर, 'जगाचा वादळी समुद्र', शेवटी 'स्वर्गीय वर'. इथली ओळ तिथं, तिथली इथं. आठव्या ओळीला मालकाचं हसणं थांबलं. चौदाव्याला म्हणाला, "खाली नाव काय घालायचं?"

काका म्हणाला, "मेंढपाळाचं घाला. हा एकच खरा आहे."

'सिल्वेरो' ठरलं. ऐकूनच जीभ धुवावीशी वाटली.

१४ ऑक्टोबर

पहिले पैसे मिळाले. एका पोरीला जाळीआड ढकलायचा एक दुकात. थोरल्याला काय नावं ठेवू? तो एकीलाच विकतो.

११ नोव्हेंबर

आज सान मार्तिनचा दिवस. नवी दारू, भाजलेली बदकं, सगळं शहर ढेकर देतंय. मी पुलावर उभा होतो. खालून गोंडोला गेला. आत पांढऱ्या कपड्यांतली मुलगी, नाकाचा शेंडा लाल. समोर तिचा काका, मांडीवर आमचं पुस्तक उघडं. वाचत असेल म्हणून वाकून पाहिलं — त्यावर चेस्टनट सोलत होता. सिल्वेरोच्या आनंदगीतावर सालांचा ढीग.

आणि मुलगी माझ्याकडे बघत होती. मीच लिहिलंय हे तिला कसं कळणार. तरी मी तोंड फिरवलं.

डबी भरतेय मात्र.

४ डिसेंबर

लुक्रेझियाच्या पुस्तकाचं काम आलं! ज्या घराण्यातल्या मुलीसाठी आमची ओर्सोला बादल्या वाहते तेच. मालक हात चोळत — "तेरेझाच्या भानगडीनंतर सगळे सावध झालेत. प्रत्येक ओळ ताजी हवी म्हणतात. जुनी सापडली तर पैसे नाहीत. ताजी दिलीस तर चौपट."

चौपट म्हणजे माझी डबी भरली! नको वाटलं, पण नको म्हणवेना. काय बिघडतं? लुक्रेझिया जाणारच आहे, माझ्या ओळींनी तिची जाळी आणखी जाड होणार नाही. ओर्सोलाला तर वाचताही येत नाही.

पण ताजं आणायचं कुठून? गुलाब सगळे वापरून झालेत. कबूतर तर पिसं गळून मरायला टेकलंय.

८ डिसेंबर

चार दिवस काही सुचत नाही. कागदावर शाईचे डाग. आज वैतागून विहिरीवर गेलो, पाणी प्यालो आणि तिथंच थुंकलो. दगडावर बसलो. आणि आमच्या वरच्या कुरणातला झरा आठवला. काळ्या कातळाखाली. ओर्सोला गवताची टोपली पाठीवर घेऊन चढायची, मी मागून मेंढरं घेऊन. वर पोचली की आधी टोपली उतरवायची — पट्ट्यांचे लाल वळ खांद्यांवर — मग गुडघे टेकून ओंजळीनं प्यायची. दात शिवशिवायचे तिचे, हसायची. परत प्यायची.

दुसरं काही नव्हतं. तेच लिहिलं.

९ डिसेंबर

सकाळी वाचून पाहिलं. चौदा ओळींत गुलाब एकही नाही. देव आहे, पण शेवटी, आणि तोसुद्धा नावानं नाही. इतकंच, की एक मुलगी दिवसभर ओझं घेऊन चढते, कुणासाठी ते तिला कुणी सांगितलेलं नाही. वर पाणी असतं. ती टोपली उतरवते, गुडघे टेकते, पिते, दात दुखेपर्यंत पिते. आणि पाणी तिला विचारत नाही — कुणाची तू.

मालकानं दोनदा वाचलं. "गुलाब नाहीत," म्हणाला. मग तिसऱ्यांदा वाचलं. "असू दे," म्हणाला, आणि पैसे मोजताना माझ्याकडे बघितलं नाही.

खोटं ते खोटंच. मठात कसलं पाणी? चिखल.

२९ डिसेंबर

आज स्वतःच्या ओळींवर स्वतः शाई थापली. त्याच बोळ्यानं. वास तोच.

१५ जानेवारी

झाले! डबी भरली. तीनदा मोजले, खोटं कशाला बोलू. याकुमबरोबर लेनार्तला निरोप धाडला — कार्निव्हलच्या शेवटच्या आठवड्यात खाली ये, बायको घेऊन जा. पैसे याकुमच्या हाती दिले नाहीत. कुरणं आणखीही विकाऊ असतील तिकडे.

आज दहा वेळा शीळ घातली. मालक ओरडला, "डोंगऱ्या, इथं काय बकऱ्या आहेत?"

३ फेब्रुवारी

दारूच्या गुत्त्यात आबाते स्कार्पा भेटला. गालफडं बसलीत. मुखवटा घातलेल्या लोकांना प्रेमपत्रं लिहून देतो आता. मला वाटलं अंगावर येईल. आला नाही. बाजूला सरकून जागा केली.

"सिल्वेरो तूच ना? ओळखलं मी. बोळ्यांचा वास येतो."

"तुमची जागा घेतली म्हणून राग असेल."

"जागा कसली रे. ती जागा माझ्याआधीही होती, तुझ्यानंतरही राहील." मग खिशातून लुक्रेझियाचं पुस्तक काढलं. कुठून मिळवलं कोण जाणे. माझ्या पानाला कोपरा दुमडलेला. "हे तुझं?"

"हो."

"चांगलं आहे."

खरं सांगायचं तर छाती फुगली.

"म्हणूनच सांगतो, परत करू नकोस. तीस वर्षं मी गुलाब घातले. का? मला दुसरं येत नव्हतं म्हणून? गुलाबानं कुणाचं काही बिघडत नाही बाळा. कुणी खरं मानत नाही. पोरगी रडते, पाहुणे जेवतात, संपलं. तू झरा घातलास. झरा कशाला घातलास?"

चढली होती त्याला. त्याच्याही दारूचे पैसे मीच दिले. जाताना म्हणाला, "कुणाला तहान लागली असली म्हणजे?"

१२ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

भेटीला गेलो. कार्निव्हल असल्यानं मठाची ती खोली म्हणजे बाजार झालेला. मुखवटेवाले जाळीपुढं बसून गोड खातायत, पोरांसाठी कठपुतळ्या लावल्यात, आतून जोगिणी हसतायत. साखर, घाम, मेण. मी ओर्सोलाला शोधलं आणि आधीच सांगून टाकलं — झालं सगळं! पैसे झाले! लेनार्त येतोय!

तिनं मान खाली घातली.

मला वाटलं आनंदानं. पुन्हा सांगितलं.

"दादा, मी राहते."

काय?

"इथंच राहते. रागावू नकोस."

कुणी धमकावलं? थोरल्यानं निरोप धाडला? मठाच्या आईनं? ती मान हलवत होती, जाळीत नुसते तुकडे हलताना दिसत होते. मग सांगायला लागली. लुक्रेझियाताईंना रात्री झोप येत नाही. त्यांच्या नावाचं पुस्तक निघालंय, घरच्यांनी आधीच पाठवलंय, ते त्या वाचत बसतात, मोठ्यानं. हिला पायाशी बसवून. "त्या वाचताना रडतात. मलाही आधी कंटाळाच यायचा. मग त्यात एक आलं. एक मुलगी टोपली घेऊन चढते बघ, आणि वर पाणी असतं..."

माझ्या कानांत काहीतरी वाजायला लागलं.

"ते मी त्यांना रोज वाचायला लावते. आता पाठ झालंय. म्हणून दाखवू?"

"नको."

"दादा, त्या माणसानं आपला वरचा झरा पाहिलाय. नक्की पाहिलाय. मी कधी कुणाला सांगितलं नाही ते त्यानं लिहिलंय. मला जन्मभर वाटत आलंय, टोपली उतरवावी. आधी आईची, मग थोरल्याची, मग लेनार्तच्या घरची असती. लेनार्त चांगला आहे, पण टोपली असतेच ना तिथं."

"आणि इथं? तीन मजले पाणी कोण चढवतं?"

"ते हातातलं रे. मी ते म्हणत नाहीये."

मग मी ओरडलो. कठपुतळीवाला थांबला, मुखवटे वळले. मी जाळीला तोंड लावून म्हणालो — ते मी लिहिलंय! मी! पैशासाठी! तुला इथून काढायला! सगळं खोटं आहे ते!

आणि ती हसली. ऑगस्टपासून पहिल्यांदा. झऱ्यावर हसायची तशी. "दादा, काहीही हं! तू शाई लावतोस."

"शपथ घेऊ?"

"घेऊ नकोस. पैशासाठी लिहिलेलं मला कळतं. बाकी सगळं पुस्तक पैशाचं आहे — गुलाब, गुलाब, गुलाब. ते पैशाचं नाही."

घंटा झाली. तिनं जाळीला तळवा टेकला. मी टेकला नाही. माझ्या हातांना वास येत होता.

१३ फेब्रुवारी

ओकलो. काही खाल्लं नव्हतं तरी.

१४ फेब्रुवारी

नेणार म्हणजे नेणार! अजून केस कापलेले नाहीत. तिला काय कळतंय? लेनार्त आला की तोच तिला समजावील. पैसे त्याच्या बापाचेच. मी शपथ घेतलीय.

२० फेब्रुवारी

लेनार्त आला. अंगठ्याएवढा बर्फ बुटांत घेऊन. एकटाच मठात जाऊन आला. मी बाहेर थांबलो.

"काय म्हणाली?"

बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग — "कविता म्हणून दाखवली." आणि मग — "कुणी लिहिली रे ती? त्याला एकदा बघायचंय मला."

मी म्हणालो, मला काय माहीत. कुणीतरी मेंढपाळ.

२८ फेब्रुवारी

व्हेनिसवाल्यांच्या वर्षाचा शेवटचा दिवस. कार्निव्हल संपला, उद्या राखेचा बुधवार. परवा तिचे केस कापले. लुक्रेझिया रडत होती, ही नव्हती. मालकाला ईस्टरनंतरच्या तीन पुस्तकांना हो म्हटलंय — फक्त गुलाब. मठात सांगून आलोय, घराण्याचे निम्मे त्यांना परत करा, माझी बहीण कुणाची मोलकरीण म्हणून आत राहणार नाही. आल्विझेकाकाच्या हाती मठाच्या दारावर पाठवतोय, ओर्सोलाच्या एकटीच्या नावानं — चाळीस दुकात.